परातीतला समुद्र

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. शाळेची स्मरणिका निघणार आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत माझं समुद्राचं मोठं चित्र लावलेलं आहे, त्यामागची प्रेरणा काय, यावर मी दोन पानं लिहून द्यावीत अशी नव्या मुख्याध्यापकांची इच्छा होती. "बाई, तुम्ही निवृत्त झालात, पण पाहुणे आले की अजूनही आधी त्या चित्रापुढेच उभे राहतात," ते म्हणाले. मी बरं म्हटलं. फोन ठेवला.

त्या चित्रामागे प्रेरणा वगैरे काही नव्हती. वच्छला सकपाळ नावाची एक बाई होती. पोलादपूरच्या आमच्या शाळेत ती पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिच्याविषयी मी आजवर कुठे एक ओळ लिहिलेली नाही. स्मरणिकेला काय द्यायचं ते नंतर बघू, आधी हे लिहून काढते.

मुलं तिला वच्छलामावशी म्हणत, आणि तिची पाठ वळली की काळ्यापाण्याची मावशी. कारण ती अकरा वर्षं अंदमानात राहून आली होती. तिची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. वीस-पंचवीस घरं. तिथली माणसं पोटासाठी जातात ती मुंबईला. वच्छलाचा नवरा मुंबईहून एका कंत्राटदाराबरोबर धक्क्याच्या बांधकामाला म्हणून अंदमानात गेला, काम संपल्यावर तिकडेच एका होडीवर लागला आणि बायकोला बोलावून घेतलं. काळ्या पाण्यावर माणूस आपल्या पायानं जातो, हे तिच्या सासूला शेवटपर्यंत पटलं नाही. "मी सुट्टीला आले की म्हातारी मला चुलीपाशी बसवायची," वच्छला सांगायची, "आनि हळूच इचारायची, खरं सांग गो, त्यानं कुनाला मारलंन काय?" सांगताना ती हसायची. हसण्याचा आवाज कधी येत नसे, नुसते खांदे हलत.

नवरा तिकडेच काविळीनं गेला. ती एकटी परत आली, वाडीत राहू लागली आणि आमच्या शाळेत कामाला लागली. रोज सकाळी डोंगर उतरून यायची, दुपारी चढून जायची. अंगानं किरकोळ, डोळे कायम बारीक केलेले, समोर ऊन असल्यासारखे. बोलणं कमी. पण एक खोड होती. काच मळकी दिसली की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. शाळेतल्या चषकांच्या कपाटाच्या काचा ती जाता-येता पुसायची. शिपाई चिडायचा, ते त्याचं काम होतं. एकदा मी तिच्यासमोर बाकावर बसून चहा पीत होते. तिनं सरळ माझ्या नाकावरचा चष्मा उचलला, पदरानं दोन्ही बाजूंनी पुसला, उजेडात धरून पाहिला आणि परत लावून दिला. मी चित्रकलेची शिक्षिका, पुण्याला शिकलेली, महाडात स्वतःचं घर असलेली. मला ते जरा जास्तच वाटलं. तिला तसं काही वाटलं नव्हतं.

काचेची ती खोड कुठून आली ते मला वर्षभरानं कळलं. अंदमानात पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या होड्या असतात, त्यांच्या तळाला काच बसवलेली असते. माणसं बाकावर बसून खाली बघतात आणि पाण्याखालचं सगळं दिसतं. वच्छलाचं काम ती काच पुसायचं. आतून फडक्यानं. पण काचेला बाहेरून शेवाळ धरतं, ते घासायला पाण्यात उतरायला लागायचं.

"मला कुठं पवता येतंय?" ती म्हणाली. "आमच्या वाडीत पानी असतं ते हंड्यात. पयल्या दिवशी कासोटा घातला, नाक धरलं आनि डोळं गच्च मिटून बुडी मारली. नुसत्या हातानं चाचपून घासलं नि वर आले. मालकानं बगितलं, म्हनला, निम्मं शेवाळ तसंच हाय, परत जा. मंग डोळं उगडावं लागलं."

"मग?"

"मंग काय, बाई. घासायची ऱ्हायलेच."

हे सांगताना तिनं भांडं घासणारा हात थांबवला होता. काचेच्या खाली, हाताच्या अंतरावर, एक निळा मासा तिच्याकडे बघत उभा होता आणि त्याच्यामागे, ती म्हणाली, दगडाची झाडं. "झाडं म्हनावी तर दगड. दगड म्हनावा तर जित्ता. बोट लावलं की आत जातो." त्याला प्रवाळ म्हणतात, पोवळंही त्याच कुळातलं, अंगठीत घालतात ते, असं मी तिला मोठ्या जाणतेपणानं सांगितलं. ती दचकली. "अंगठीत? जित्त्याला?"

मुलांना रांगेत उभं करताना, दूध उतू जाताना, एसटी चुकली तरी, तिचा एकच शब्द होता: दम धर. शाळेतल्या सगळ्यांना वाटायचं की साधी धीर देण्याची रीत आहे. तिच्या लेखी तो शब्द शब्दशः खरा होता. "दम धरला तर दिसतं," ती म्हणायची. "नायतर बुडबुडं दिसतात."

मी तिची चित्रं पहिल्यांदा पाहिली ती एका जुलैत. स्वैपाकाच्या शेडचा धूर माझ्या चित्रकलेच्या वर्गात यायचा. पावसात तर कोंडून राहायचा. तक्रार करायला म्हणून मी मधल्या सुट्टीआधी तणतणत खाली गेले. वच्छला जमिनीवर मोठी परात घेऊन कडधान्य निवडत बसली होती. दीडेकशे मुलांचं कडधान्य, त्याला वेळ लागतो. मी दारातच थांबले. परातीत एक मासा होता.

मसुरीच्या डाळीचा केशरी मासा, त्यावर तांदळाचे तीन पांढरे पट्टे, डोळ्याच्या जागी चवळीचा एक दाणा, काळ्या ठिपक्यासकट. तो मुगाच्या एका हिरव्या झुपक्यातून तोंड बाहेर काढत होता. झुपक्याची टोकं हलत आहेत असं वाटत होतं, इतकी ती एकेका दाण्यानं वळवलेली होती. बाजूला मटकीचा एक गोल दगड, त्यावर बोटानं ओढलेल्या नागमोडी चरी. कडेला मोहरीचा काळा गोळा, काटे बाहेर आलेले. मी पाच वर्षं चित्रकला शिकले, तीस वर्षं शिकवली. सावित्रीवरचा पूल, देवळाची दीपमाळ, किल्ल्याचा बुरूज, एवढीच माझी चित्रं. इतकी जिवंत रेघ माझ्या हातून कधी उतरली नव्हती, आणि ते मला त्या दारात उभ्या उभ्या कळलं.

माझ्या तोंडून "अगं!" असं काहीतरी निघालं असावं.

"काय वो बाई? खडा दिसला?"

आणि मी काही बोलायच्या आत तिनं तळहातानं सगळं एकत्र ओढलं आणि परात उचलून पातेल्यात रिकामी केली. त्या दिवशी मुलांनी खिचडीतून तो मासा खाल्ला.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. धुराचं बोलणं राहूनच गेलं. ती रोज काहीतरी मांडायची, तेही मुद्दाम नाही; दाणे निवडताना बोटं तिकडे जात. कधी वाटाण्याचं कासव. कधी हळदीच्या बोटानं काढलेला, चोचीनं दगड खाणारा मासा. तो मासा दगड चावतो त्याचा कटकट आवाज पाण्याखाली ऐकू येतो, ती म्हणायची, वाडीत उंदीर नाचणी खातो तसा. दोन शिंपल्यांचा एक राक्षस होता, त्याचे ओठ निळे असतात. निळं कडधान्य नसतं म्हणून ती वैतागायची. मी तिला वर्गातला निळा खडू नेऊन दिला. तिनं तो हातात घेऊन पाहिला आणि परत केला. "पोरांच्या पोटात जाईल."

मी फोटो काढू का म्हणून विचारलं. "काडा की," ती म्हणाली, "आता शिजनारच हाय." एवढंच आमचं बोलणं झालं. पुढच्या सगळ्याला मी तेवढ्या शब्दांची परवानगी समजले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. सहावीच्या वर्गाला मी 'पाण्याखालचं जग' हा विषय दिला होता. सगळ्यांनी पुस्तकातले मासे काढले, आडवे, बुडबुड्यांसकट. एका मुलीनं सहा बारीक मासे काढले होते, सगळेच्या सगळे डोकं खाली, शेपूट वर, सुया टोचून ठेवाव्यात तसे. मी लाल शाईनं त्यावर फुली मारली आणि लिहिलं, 'निरीक्षण करून काढ.' दुसऱ्या दिवशी वच्छला चहा घेऊन वर आली. चहा ठेवला, थोडी घुटमळली.

"बाई, तो मासा उलटाच पवतो."

"कोणता?"

"त्या पोरीनं काडला तो. मी सांगितलं व्हतं तिला. खाली डोकं करून, सगळी मिळून जातात. मी बगितलंय."

मी "असं का" म्हटलं आणि वही तपासत राहिले. लाल शाई पुसता येत नाही. मी त्या मुलीला बोलावून फुली चुकीची होती म्हणून सांगू शकले असते. सांगितलं नाही. आज मागे वळून पाहिलं तर माझी घसरण तिथूनच सुरू झाली.

मार्चमध्ये एकदा मी शेडमध्ये गेले तर परातीत नुसता तांदूळ होता. मला वाटलं आज तिनं काही मांडलेलं नाही. वाकून पाहिलं तर सगळं होतं. झाडं, झुपके, नागमोडी दगड. पण सगळं तांदळाचं, पांढऱ्यावर पांढरं. फक्त सावलीमुळे दिसत होतं.

"हे काय?"

तिनं परातीच्या कडेचे दाणे आत सारले. मग म्हणाली, "शेवटच्या वर्सी पानी तापलं. अंघोळीच्या पान्यावानी झालं. आनि सगळी झाडं पांढरी पडली. एक बी नाय ऱ्हायलं." होडीत बसलेली माणसं म्हणू लागली की काही दिसत नाही, काच खराब आहे. मालकानं तिला सगळ्यांदेखत झापलं. काम करायचं नसेल तर घरी बस म्हणाला. तिनं परत बुडी मारली. "काच चक्क व्हती, बाई. मी नीट पुसली व्हती. पन सांगू कुनाला?" त्याच महिन्यात तिचा नवरा अंथरुणाला खिळला. पुढे तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी तिनं परात ओतायला जरा जास्त वेळ लावला, एवढं मला आठवतं. मी त्याचाही फोटो काढला. पण घरी येऊन पाहिला तेव्हा तो मला फिका वाटला. रंग नाही, उठाव नाही. मी तो बाजूला टाकला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महाडच्या घरी सहा फुटी कॅनव्हास उभा केला. फोनमधले ऐंशी-नव्वद फोटो समोर ठेवून तो केशरी मासा, ते हिरवे झुपके, नागमोडी दगड, निळ्या ओठांचा शिंपला, डोकं खाली करून जाणारे सहा मासेसुद्धा, सगळं एकेक करून उतरवलं. मांडणी तिची. प्रत्येक वळण तिचं. मी फक्त रंग भरले, आणि रंगांचं माझं शिक्षण चांगलं झालेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून मला आवडलेलं चित्र होत होतं. काम करताना मी इतकी सुखात होते की हे कुणाचं आहे हा विचार मनात येऊन गेला तरी टिकत नसे. चित्र पुरं झालं आणि मी खाली उजवीकडे सही केली.

अलिबागला शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, तिथे त्याला पहिलं बक्षीस मिळालं. एका वार्ताहरानं विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी म्हटलं, लहानपणापासून समुद्राची ओढ आहे. माझं लहानपण महाडात गेलं. समुद्र मी शाळेच्या सहलीत हरिहरेश्वरला पाहिला होता, आणि लाटेला घाबरून पायसुद्धा भिजवले नव्हते.

मग शाळेत सत्कार झाला. चित्र पोलादपूरला आणलं, हॉलमध्ये दोन बाकांवर उभं केलं. एक मोठे अधिकारी पाहुणे होते. ते चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "अहो, अप्रतिम! तुम्ही पाण्यात बुड्याबिड्या मारता की काय?"

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "छे हो, सगळं मनातलं."

वच्छला चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागेच उभी होती. हे मला बोलून झाल्यावर दिसलं. तिनं ट्रे बाकावर ठेवला, पदराला हात पुसले आणि चित्राच्या अगदी जवळ गेली. डोळे बारीक करून तिनं ते डावीकडून उजवीकडे, वरून खाली पाहिलं. आता ही सगळ्यांसमोर सांगणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा राग आला.

ती वळली आणि हळूच म्हणाली, "बाई, पांढरं ऱ्हायलं."

"या कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या मावशी. खिचडी करतात."

"अरे वा, कलेची आवड दिसते," ते म्हणाले आणि त्यांनी ट्रेमधला कप उचलला. वच्छलानं बाकीच्यांना चहा दिला. माझा कप सगळ्यांत शेवटी नाही, नेहमीच्या क्रमानं दिला. साखर कमी, मला लागते तशी.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं गेले तेव्हा ती परात घेऊन बसली होती. माझी चाहूल लागताच तिचा तळहात परातीवरून सपाट फिरला.

"काय मांडलं होतं?"

"काय नाय बाई. डाळ निवडत्ये."

तिच्या आवाजात राग नव्हता. बस मिळाली काय, पाऊस हाय काय, सगळं ती पूर्वीसारखंच विचारायची. चहा पूर्वीसारखाच यायचा. पण मी शाळेत होते तोवर ती परात मला पुन्हा कधी दिसली नाही. लांबून, खिडकीतून, तिची बोटं फिरताना दिसत. जवळ गेलं की सपाट.

दिवाळीत मी तिला साडी दिली. चांगली, निळी. तोंडानं जे बोलायचं होतं ते साडीवर उरकलं. "कशाला वो बाई," म्हणत तिनं ती घेतली, डोक्याला लावली. आता फिटलं, असं मला वाटलं.

पुढे शाळेतला स्वैपाक बंद झाला. जेवण बाहेरून, टेम्पोतून येऊ लागलं. वच्छलाचा शेवटचा दिवस होता तेव्हा मी परीक्षेच्या कामाला महाडला होते. शाळेत नसल्याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. ती स्टाफरूमच्या दारात येऊन बाई आल्यात काय म्हणून विचारून गेली, असं नंतर शिपायानं सांगितलं. दोन वर्षांनी मीही निवृत्त झाले.

स्मरणिकेचा फोन आल्यानंतर चार दिवस झोप लागली नाही. पाचव्या दिवशी मी पोलादपूरची एसटी धरली. तिथून रिक्षानं डोंगराच्या पायथ्याशी आणि पुढे पायी. मध्ये एके ठिकाणी पावसाळ्यातल्या दरडीची लाल माती अजून रस्त्यावर होती. वाडीत पोचेपर्यंत दम लागला होता. सकपाळांचं घर कुठलं, हे विचारावं लागलं नाही. घराच्या एकुलत्या खिडकीची काच दुरून चमकत होती.

वच्छला अंगणात होती. नाचणीची कणसं वाळत घातलेली, त्यात बसून ती काहीतरी निवडत होती. मला तिनं आवाजावरून ओळखलं, डोळे आता तेवढे चालत नव्हते. "बाई? येवड्या वर?" तिनं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.

मी वाटभर वाक्यं जुळवत आले होते. ती सगळी विसरले. "वच्छलाबाई," मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा तिला नावानं हाक मारून, "ते चित्र माझं नव्हतं. तुमचं होतं. मी चोरलं. सगळ्यांसमोर खोटं बोलले."

ती कणसं चाळत राहिली. "म्हायती हाय मला," ती म्हणाली. "तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सगळी मान्सं व्हती." थोडं थांबून म्हणाली, "रागावले व्हते मी. नाय कसं? लय रागावले व्हते. पन तुमी काडलेलं बरं व्हतं. केशरी मासा लय चांगला उतरलेला." मग हातातलं कणीस खाली ठेवून तिनं माझ्याकडे तोंड केलं. चेहऱ्यावर उत्सुकता होती. ती मी तिथे अपेक्षिलीच नव्हती.

"मंग? बगून आलाव?"

"काय?"

"ते. पान्याखालचं. आता तर ईमान जातं म्हनं तिकडं."

मी नाही म्हटलं.

"नाय गेलाव?"

"नाही. म्हणजे, जमलंच नाही. घरचं, मग गुडघे…"

"पांढरं पडलेलं परत रंगाला येतं म्हनतात, थोडं थोडं. आलं काय नाय, ते बगायचं व्हतं." तिचा आवाज खाली आला. "मला वाटलेलं, येवडं काडलाव म्हंजे आता तुमाला ऱ्हावनार नाय. जातीलच बाई. मी शेजारनीला सांगून बसले, आमच्या बाई जाऊन आल्या आसतील."

मी चोरी कबूल करायला गेले होते. त्या कबुलीला तिनं दोन वाक्यांत जागा करून दिली. पण ज्या गोष्टीची माझ्याकडे तयारीच नव्हती, ती तिनं विचारली. तिच्या परातीचे फोटो, तिचं सगळं पाणी घरात आणून उन्हाळाभर त्याच्यासमोर बसूनही मला एकदा जाऊन बघावंसं वाटलं नव्हतं. मान खाली घालून मी गुळाचा खडा हातात फिरवत राहिले. तो विरघळून बोटं चिकट झाली.

मग वाऱ्याची झुळूक आली आणि समोरच्या डोंगरावर ढग उतरला. परतीचा पाऊस त्या दिवसांत कधीही येतो. वच्छला उठली. मीही उठून कणसं गोळा करायला वाकले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमची गाडी चुकंल. खालची वाट घसरती, सांभाळून जावा."

मी निघाले. वळणावर थांबून मागे पाहिलं. तिनं एकदा मान वर करावी, एवढंच मनात होतं. अंगणात तिनं कणसांचा ढीग करून त्यावर ताडपत्री ओढली होती. चाचपत चाचपत ती एकेका कोपऱ्यावर दगड ठेवत होती. चौथा दगड ठेवून झाल्यावर ती कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून, आणि घरात गेली. मग पाऊस आला.